खुर्च्या मोजल्या, देणगीदार मोजायचे राहिले

मागच्या अंकात मी माझ्या निवडणूक-खर्चाच्या कामाविषयी दोन पानं लिहिली होती. नोकरी कोषागारात, लेखा विभागात. 2014 आणि 2019 च्या विधानसभा निवडणुकांत सहायक खर्च निरीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली होती. त्या लेखाच्या शेवटी मी म्हटलं होतं की, आपला कायदा उमेदवाराच्या खिशावर पहारा ठेवतो आणि मोठ्या देणगीदाराकडे पाठ करून उभा राहतो. त्या एका वाक्यावर सर्वांत जास्त पत्रं आली. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देते.

प्रश्न : विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख रुपयांची मर्यादा आहे म्हणतात. आमच्या तालुक्यात एकेका सभेचा थाट पाहिला की हा आकडा खोटा वाटतो. तुम्ही हिशेब तपासायला होतात, मग तुम्हाला हे दिसत नव्हतं का? — माध्यमिक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

दिसत होतं, ताई. जे मोजायला सांगितलं होतं ते आम्ही मनापासून मोजलं, हेही खरं आहे.

आमचं काम कसं चालायचं ते आधी सांगते. जिल्हा निवडणूक अधिकारी पक्षांशी बोलून एक दरपत्रक ठरवतात. प्लास्टिकची खुर्ची, मंडपाचा चौरस फूट, लाउडस्पीकरचा संच, चहा, वडापाव, फेटा, हार, भाड्याची जीप, सगळ्याचा दर त्यात असतो. सभेला व्हिडिओ पथक जातं. संध्याकाळी ते चित्रण आमच्यासमोर लावलं जायचं आणि आम्ही ते थांबवून थांबवून खुर्च्यांच्या रांगा मोजायचो. त्यावरून आमची छाया नोंदवही, म्हणजे उमेदवाराच्या खर्चाची आम्ही स्वतंत्रपणे ठेवलेली वही, भरायची. उमेदवाराचीही स्वतःची नोंदवही असते. रोजच्या खर्चाची पानं पांढरी, रोखीची गुलाबी, बँकेची पिवळी. प्रचाराच्या काळात तीनदा त्याला ती आणून दाखवावी लागते आणि दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून तफावत काढायची असते. निकालानंतर 30 दिवसांत पूर्ण हिशेब द्यायचा. नाही दिला तर तीन वर्षांसाठी अपात्र ठरवता येतं.

2014 मधली एक रात्र मला अजून आठवते. उमेदवाराच्या वहीत खुर्च्या 400, आमच्या मोजणीत 1,200 च्या वर. मी नोटीस काढली. दुसऱ्या दिवशी त्याचा हिशेब सांभाळणारा मुलगा आला. नुकताच बी.कॉम. झालेला, अंगात साधा शर्ट, हातात बिलांची पिशवी. तासभर वाद घालून शेवटी त्याने 800 खुर्च्यांचा खर्च मान्य केला. काम चोख झालं या समाधानात मी घरी निघाले. वाटेत महामार्गावर एकामागून एक असे प्रचंड फलक लागले. प्रत्येकावर पक्षाचं चिन्ह आणि मोठ्या नेत्याचा चेहरा, पण उमेदवाराचं नाव किंवा फोटो एकावरही नाही. त्यामुळे तो पक्षाचा सर्वसाधारण प्रचार ठरतो आणि आमच्या वहीत त्याचा एक रुपयाही येत नाही. त्याच आठवड्यात हेलिकॉप्टर उतरलं. स्टार प्रचारकाचा प्रवासही उमेदवाराच्या खर्चात धरायचा नसतो. मान्यताप्राप्त पक्षाला असे 40 प्रचारक जाहीर करता येतात.

पक्षाच्या खर्चावर आपल्याकडे कुठलीच कमाल मर्यादा नाही. 1974 साली कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बंद केली होती. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च त्याच्याच हिशेबात धरा, असं न्यायालय म्हणालं. त्याच वर्षी सरकारने कायद्यात बदल केला आणि तो निकाल निष्प्रभ झाला. 2003 मध्ये ही सवलत बरीच आवळली गेली, तरी नेत्यांचा प्रवास आणि उमेदवाराचं नाव नसलेला प्रचार आजही बाहेरच आहे. म्हणून 40 लाखांचा आकडा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. तो एकूण खर्चाच्या एका कोपऱ्याचा आकडा आहे, आणि आमची सगळी पथकं त्याच कोपऱ्यात बसवलेली असतात.

प्रश्न : मी लहान उद्योजक आहे. कर भरतो, कामगारांना वेळेवर पगार देतो. निवडणुकीत एका पक्षाला चेकने देणगी देतो, कारण त्यांचं धोरण मला पटतं. स्वतःच्या कष्टाचा पैसा कुणाला द्यायचा हे ठरवायला सरकार कोण? तुमच्या लेखात श्रीमंत माणूस गुन्हेगार असल्यासारखा सूर आहे. — वाचक, चाकण

तसा सूर वाटला असेल तर तो माझ्या लिहिण्यातला दोष. चेकने, उघडपणे देणगी देणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच आहे. वाद देण्याचा नाही, किती द्यावं याचा आहे.

हा वाद मुंबईत फार पूर्वी उभा राहिला होता. 1957 साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देण्यासाठी आपल्या घटनापत्रकात, म्हणजे कंपनीने काय काय करायचं हे ठरवणाऱ्या मूळ दस्तऐवजात, बदल करून हवा होता आणि एका भागधारकाने त्याला विरोध केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यासमोर आलं. कायदा मनाई करत नसल्याने त्यांनी परवानगी दिली. पण निकालपत्रात त्यांनी स्पष्ट इशारा लिहून ठेवला की हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचाच गळा आवळू शकतो, आणि संसदेने याकडे लक्ष द्यावं. त्या वेळी आपली दुसरी सार्वत्रिक निवडणूक नुकतीच झाली होती. मी ते निकालपत्र निवृत्तीनंतर वाचलं. नोकरीच्या सुरुवातीलाच वाचायला हवं होतं.

आता हिशेबाला बसू, कारण मला तेच येतं. आजच्या कंपनी कायद्याप्रमाणे कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंत राजकीय देणगी देता येते. सरासरी नफा 1,000 कोटी असेल तर वर्षाला 75 कोटी. विधानसभेच्या एका उमेदवाराची मर्यादा 40 लाख. म्हणजे या एका कंपनीच्या एका वर्षाच्या देणगीत 187 उमेदवारांचा पूर्ण कायदेशीर खर्च निघतो, आणि महाराष्ट्राच्या विधानसभेत जागा आहेत 288. हे कायद्यात बसतं. तुम्ही चेकने देत असलेली रक्कम या 75 कोटींच्या शेजारी ठेवून बघा. पक्षाच्या कार्यालयात कुणाचा फोन आधी उचलला जाईल, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगू शकाल. मोठ्या देणगीला मर्यादा घातली तर सर्वांत आधी तुमच्यासारख्यांच्या देणगीला किंमत येईल, असं मला मनापासून वाटतं. व्यक्तीने पक्षाला किती द्यावं यावर तर आपल्याकडे टक्केवारीचीसुद्धा मर्यादा नाही.

प्रश्न : निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. मग आता प्रश्न उरला कुठे? आणि मत गुप्त असतं, तर देणगी गुप्त असायला हरकत काय? कॉलेजात आमची यावर वादविवाद स्पर्धा आहे, म्हणून विचारते. — विधी शाखेची विद्यार्थिनी, नाशिक

दोन प्रश्न विचारलेस, दोन्ही चांगले. स्पर्धेसाठी तारखा आधी टिपून घे.

2017 च्या वित्त कायद्याने रोख्यांची वाट मोकळी केली आणि योजना 2 जानेवारी 2018 ला अधिसूचित झाली. स्टेट बँकेकडून 1,000 रुपयांपासून 1 कोटीपर्यंतचे रोखे घ्यायचे आणि पक्षाला द्यायचे, त्यावर देणाऱ्याचं नाव नाही. त्याच 2017 च्या बदलात कंपन्यांवरची साडेसात टक्क्यांची मर्यादा उठवली गेली. कुठल्या पक्षाला दिलं हे ताळेबंदात सांगण्याची अटही गेली. पुढे 15 फेब्रुवारी 2024 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने हे सगळं घटनाबाह्य ठरवलं. बँकेने माहिती द्यायला 30 जूनपर्यंत मुदत मागितली, न्यायालयाने ती 11 मार्चला नाकारली, आणि तीनच दिवसांनी याद्या निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आल्या. एप्रिल 2019 पासूनच्या त्या याद्यांत सर्वाधिक रोखे घेणारी कंपनी लॉटरीच्या व्यवसायातली होती, 1,368 कोटी रुपयांची. मिळालेल्या रकमेत भाजप पहिला, सुमारे 6,060 कोटी. त्यामागे तृणमूल काँग्रेस सुमारे 1,609 कोटी आणि काँग्रेस सुमारे 1,421 कोटी. तुझ्या समोरचा स्पर्धक एकाच पक्षाचं नाव घेऊ लागला तर पूर्ण यादी वाचून दाखव. सत्ता जिथे होती तिथे पैसा गेला, केंद्रात आणि राज्यांतही.

आता गुप्ततेचं. न्यायालयाने हा मुद्दा उडवून लावला नाही, हे स्पर्धेत नक्की सांग. राजकीय आवडनिवड हा खाजगीपणाचा भाग आहे आणि देणगीतूनही ती व्यक्त होते, हे त्यांनी मान्य केलं. 20,000 रुपयांपर्यंतच्या देणगीचं नाव आयोगाला कळवावं लागत नाही, लहान माणसाला ते संरक्षण आधीपासून आहे. पण कोट्यवधींची देणगी निव्वळ मत व्यक्त करायला दिलेली नसते. तिच्या बदल्यात काही मिळण्याची शक्यता असते आणि मतदाराला ती पारखता आली पाहिजे. तोट्यातल्या कंपनीलाही अमर्याद देणगीची मुभा देणं मनमानी आहे, असंही न्यायालय म्हणालं. माझं म्हणशील तर, मत गुप्त ठेवायचं ते मतदारावर कुणी दबाव आणू नये म्हणून. गुप्त मोठी देणगी नेमका तोच दबाव सरकारवर आणते आणि मतदाराला त्याचा पत्ता लागत नाही.

उरलं काय ते पाहा. साडेसात टक्क्यांची मर्यादा परत आली, पण ती केवढी मोठी आहे हे वरच्या उत्तरात लिहिलं आहे. इलेक्टोरल ट्रस्टचा मार्ग खुला आहे. तिथे कंपन्या ट्रस्टला देतात, ट्रस्ट पक्षांना देतो. याद्या जाहीर होतात, पण बऱ्याचदा कोणाचा पैसा कोणत्या पक्षाकडे गेला हे जोडून दाखवता येत नाही. शिवाय 20,000 च्या खालच्या तुकड्यांत आलेली रक्कम किती आणि कुणाची, हे तपासायला बाहेरच्या माणसाला जागाच नाही. 2013 मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात असा आदेश दिला होता. पक्षांनी तो पाळला नाही.

मला सर्वांत खुपतो तो वेळ. पक्षाचा देणगी-अहवाल वर्षाचा असतो आणि आयकर विवरणपत्राच्या मुदतीच्या सुमारास द्यायचा असतो. एप्रिल 2024 मध्ये, लोकसभेचा प्रचार रंगात असताना आलेली देणगी 2024-25 या वर्षात पडते. तिचा अहवाल देण्याची वेळ 2025 च्या दिवाळीच्या सुमारास येते. मे 2024 मध्ये रांगेत उभ्या राहिलेल्या मतदाराला त्याचा काय उपयोग? ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणुकीच्या काळात पक्षांना मोठ्या देणग्यांचा तपशील दर आठवड्याला द्यावा लागतो. आम्ही उमेदवाराची वही प्रचाराच्या काळात तीनदा तपासत होतो. तेच पक्षाच्या देणगीवहीला लावायला कुठली यंत्रणा कमी पडते, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

प्रश्न : सगळ्या कंपन्यांच्या देणग्या सरसकट बंद करा आणि निवडणुकीचा खर्च सरकारने करावा. एवढा सोपा उपाय असताना चर्चा कशाला? — निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

तुमच्यासारखंच माझंही मत होतं. 2019 नंतर ते बदललं.

सरसकट बंदी आपण एकदा करून पाहिली आहे. 1969 मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर बंदी आली. पक्षांची गरज मात्र तेवढीच राहिली, आणि दुसरी काही सोय कुणी केली नाही. परवाने आणि कोट्यांचा तो काळ. जो पैसा चेकने येत होता तो बॅगांतून येऊ लागला. 1985 मध्ये बंदी उठली, पण रोखीची सवय मागे राहिली. तुम्ही बँकेत होता, रोखीचा माग काढणं किती अवघड असतं हे तुम्हाला मी काय सांगणार? 2019 ला आमच्या स्थिर पथकाने, म्हणजे नाक्यावर गाड्या तपासणाऱ्या पथकाने, एका गाडीत रोकड पकडली होती. रक्कम कुणाची, हे सांगायला शेवटपर्यंत कुणी पुढे आलं नाही.

कॅनडाने बंदी घातली, पण तयारी करून. कंपन्या आणि कामगार संघटनांच्या देणग्यांवर आधी मर्यादा आणली आणि 2007 पासून त्या पूर्ण बंद केल्या. दरम्यान पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात सरकारी निधी काही वर्षं दिला. तिथे 2025 साली एका व्यक्तीला एका पक्षाला वर्षाला 1,750 डॉलरच देता येत होते, म्हणजे आपले लाखभर रुपये. ही रक्कम मला योग्य वाटते. उद्योगपतीला ती द्यायला काहीच वाटणार नाही आणि नोकरदारालाही ती वर्षभर साठवून देता येईल. मर्यादा अशी हवी की कारकून आणि कारखानदार यांच्या देणगीतलं अंतर पावलांनी मोजता यावं.

सरकारी खर्चाची शिफारस आपल्याकडेही झाली आहे. 1998 मध्ये इंद्रजित गुप्ता समितीने मान्यताप्राप्त पक्षांना अंशतः आणि वस्तुरूपात, म्हणजे इंधन, कागद, टपाल अशा स्वरूपात मदत द्यावी असं सुचवलं. रोख देऊ नये, हा त्यातला शहाणपणा मला पटतो. पण नुसता सरकारी पैसा वर ओतला आणि खालची मोठी देणगी तशीच ठेवली, तर पक्षाकडे दोन्ही येईल. आधी देणगीदारावर मर्यादा, मग सरकारी मदत. हा क्रम उलटा करू नये.

सिएटल शहराने केलेला प्रयोग मला फार आवडतो. 2015 मध्ये तिथल्या मतदारांनी तो मंजूर केला आणि 2017 च्या निवडणुकीत तो पहिल्यांदा वापरला गेला. रहिवाशांना प्रत्येकी 25 डॉलरची चार कुपनं घरपोच येतात आणि ती आवडत्या उमेदवाराला द्यायची. पैसा सार्वजनिकच, पण तो कुणाला जाईल हे रहिवासी ठरवतो. ज्या घरातून कधी कुणी देणगी दिलेली नाही, त्या घराच्या दारापर्यंत उमेदवाराला देणगी मागायला जावं लागतं. आमच्या निवडणुकीत उमेदवार झोपडपट्टीत पाकीट घेऊन शिरतो. तो तिथून देणगी मागायला हात पुढे करून उभा आहे, असं चित्र मी डोळ्यांसमोर आणून पाहते.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. अमेरिकेत उमेदवाराला थेट द्यायच्या देणगीवर मर्यादा आहे. पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1976 च्या निकालाने खर्चावरची मर्यादा काढली आणि 2010 च्या निकालाने कंपन्यांना स्वतंत्रपणे अमर्याद खर्च करायची मुभा दिली. 2024 मध्ये इलॉन मस्क यांनी एकट्याने 25 कोटी डॉलरहून जास्त रक्कम ओतली. देणगीचं दार बंद करून खर्चाची खिडकी सताड उघडी ठेवली की असं होतं. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं आपल्याकडे गुन्हा आहे. हे आपलं बळ आहे, ते सोडू नये. पक्षाच्या खर्चाला मर्यादा घातली की ही चौकट बरीच भरून येईल.

प्रश्न : एस.टी.तून निवृत्त झालो. पेन्शन तुटपुंजी आहे, पण महिन्याला 200 रुपये एखाद्या पक्षाला द्यावेत असं वाटतं. मुलं हसतात. खरंच द्यावेत का, आणि कसे? — वाचक, बुलढाणा

काका, जरूर द्या. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि यजमानांनाही वाचून दाखवलं.

रोख देऊ नका, कायद्याने 2,000 पर्यंत चालत असली तरी. पक्षाच्या खात्यावर यूपीआयने किंवा चेकने द्या, म्हणजे तुमच्या पासबुकात नोंद राहील. जुन्या कररचनेत असाल तर या रकमेची आयकरात वजावट मिळते, मात्र रोख दिलेल्या रकमेची मिळत नाही. कुणी येऊन म्हणालं की, आमच्या पक्षाला दोन लाख द्या, कमिशन कापून रोख परत देतो, कर वाचेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. नावापुरते पक्ष काढून हा धंदा चालवलेला आहे आणि आयकर खात्याच्या नोटिसा शेवटी पगारदार आणि पेन्शनर लोकांनाच येतात.

पैसे दिल्यावर तालुका कार्यालयात जाऊन एकदा विचारा की, मी देणगीदार आहे, पक्षाला मोठी देणगी कुणाकुणाची आली ती यादी मला बघायची आहे. यादी मिळो न मिळो, काय उत्तर मिळालं ते मला लिहून कळवा, पुढच्या अंकात छापेन. आणि पावती घ्यायला विसरू नका. तिच्यावर पक्षाचं पूर्ण नाव आणि पॅन क्रमांक आहे ना, तेवढं तिथेच उभं राहून पाहून घ्या.